पुलगावचे रद्दीचे दुकान आणि 'मिस इंडिया'चे सुटे गठ्ठे

आर्वी मार्गावरच्या आमच्या गावाहून पुलगावला एसटीने पाऊण तास लागतो. तेथील रेल्वे स्थानकाजवळच्या गल्लीत टिनाच्या छपराखाली एक रद्दीचे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे त्याचे नाव मला देता येणार नाही. बाहेर टांगलेला तराजू आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे हीच त्याची खूण. गेल्या उन्हाळ्यात मी या दुकानात चार फेऱ्या मारल्या. जुनी मासिके धुंडाळण्याची हौस किंवा गरज असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

जाण्याचे कारण घरातलेच होते. माझी भाची वर्ध्याला गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने प्रकल्पासाठी 'भारतातील राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचा इतिहास' हा विषय घेतला होता. मोबाईलवर शोधताना पहिल्याच प्रश्नाला तिची गाडी अडली. पहिली 'मिस इंडिया' कोण, याला तीन उत्तरे मिळाली, तीनही ठामपणे दिलेली आणि तीनही वेगवेगळ्या वर्षांची: 1947, 1952 आणि 1964. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. एका प्रश्नाची तीन उत्तरे आली की प्रश्नच नीट विचारलेला नसतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. छापील कागद पाहावा असे ठरले आणि आम्ही पुलगाव गाठले.

पुलगावच का, हा प्रश्न वर्ध्याच्या लोकांनाही पडेल. पुलगावात लष्कराचे दारूगोळा भांडार आहे आणि त्याच्या वसाहतीत देशभरातून बदलून येणारी कुटुंबे राहतात. बदलीचा हुकूम आला की सामान हलके करायचे म्हणून वर्षानुवर्षे जमवलेली इंग्रजी मासिके रद्दीत जातात. आमच्या तालुक्याच्या गावी 'फेमिना'चा एक अंक शोधून मिळणार नाही, पण या दुकानात तो किलोने येतो. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील वसतिगृहाचीही काही रद्दी येथे येते, असे दुकानदार सांगतात.

दुकान आतून अंधारे आहे. एकच बल्ब आहे आणि वीज गेली की तोही नाही. उजव्या भिंतीला वर्तमानपत्रे, मधे शालेय पुस्तके आणि अगदी मागे, जेथे छपराचा पत्रा इतका खाली येतो की वाकून उभे राहावे लागते, तेथे मासिके. एप्रिलच्या दुपारी त्या पत्र्याखाली दहा मिनिटे उभे राहणे ही शिक्षा आहे, म्हणून सकाळी दहाच्या आत जावे. दुकानदार पन्नाशीचे, बोलायला मोकळे गृहस्थ आहेत. इंग्रजी वाचता येत नसल्याने त्यांनी मासिकांची मांडणी मुखपृष्ठावरील चेहऱ्यांवरून केली आहे. "हा ऐश्वर्याचा गठ्ठा, हा जुहीचा, अन् हे तिकडले जुने, त्याइचे नावं मले ठाऊक नाई. पाहून घ्या बाई, तुमाले जे पायजेत ते काढा," एवढे सांगून ते तराजूकडे वळले. ही पद्धत हास्यास्पद वाटेल, परंतु दोन तासांत आम्हाला हवे ते सापडले. वर्षानुसार लावलेल्या कित्येक ग्रंथालयांत इतक्या लवकर सापडत नाही.

या मांडणीचा एक तोटा मात्र आहे, आणि भाचीच्या तीन उत्तरांचे मूळही त्यातच निघाले. 'फेमिना' आणि 'ईव्ह्ज वीकली' या दोन नियतकालिकांचे अंक दुकानदारांनी एकाच गठ्ठ्यात बांधले होते. मुखपृष्ठावर मुकुट घातलेली तरुणी दिसली की ती 'मिस इंडिया', मग अंक कोणाचाही असो. हीच गल्लत मोबाईलवरची सगळी पाने करतात. दोन्ही नियतकालिके स्वतंत्रपणे स्पर्धा भरवत होती आणि दोन्हींच्या विजेत्या 'मिस इंडिया' म्हणवल्या जात. 'फेमिना' 1959 मध्ये सुरू झाले आणि त्याची स्पर्धा 1964 पासूनची. तिची पहिली मानकरी मेहेर कॅस्टेलिनो, पुढे फॅशनविषयक लेखन करणारी पत्रकार म्हणून नावाजली. म्हणजे 1964 हे उत्तर 'फेमिना'च्या हिशेबाने बरोबर आहे.

1952 हे उत्तर इंद्राणी रहमान यांचे. भरतनाट्यम, कुचिपुडी आणि ओडिसी या तिन्ही शैलींत नाव कमावलेल्या या नर्तकीने त्या वर्षी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झालेल्या पहिल्यावहिल्या 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. आणि 1947 हे उत्तर प्रमिला यांचे. कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेल्या एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम यांनी प्रमिला या नावाने चित्रपटांत साहसी भूमिका केल्या आणि पुढे त्या स्वतः निर्मात्या झाल्या. 'मिस इंडिया' झाल्या तेव्हा त्या तिशी ओलांडलेल्या होत्या. प्रमिला आणि इंद्राणी या दोघीही त्या वेळी विवाहित होत्या आणि दोघी आई झालेल्या होत्या, ही गोष्ट भाचीला सर्वांत नवलाची वाटली. नंतरच्या काळात या स्पर्धेने अविवाहित असण्याची अट घातली. 'मिस युनिव्हर्स'ने विवाहित स्त्रियांना आणि मातांना दार उघडले ते 2023 पासून. म्हणजे ज्या नियमाला आज लोक जुनी परंपरा समजतात, त्या नियमात या स्पर्धेच्या पहिल्या दोन मानकरीच बसल्या नसत्या. प्रमिला यांची कन्या नकी जहाँ 1967 मध्ये 'ईव्ह्ज वीकली'ची मिस इंडिया झाली. हे दोन नावांचे नाते आम्हाला दुकानातल्या गठ्ठ्याने दाखवले नाही, ते आधीच माहीत होते. पण गठ्ठा दोन ढिगांत विभागल्यावरच ते नीट जागेवर बसले.

1966 चा घोळही तसाच. त्या वर्षी 'फेमिना'ची विजेती यास्मिन दाजी होती आणि ती 'मिस युनिव्हर्स'मध्ये तिसरी उपविजेती ठरली. 'ईव्ह्ज वीकली'ची विजेती रीटा फारिया होती आणि ती 17 नोव्हेंबर 1966 रोजी लंडनमध्ये 'मिस वर्ल्ड' झाली. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या या मुलीने लंडनला जाताना साडी आणि पोहण्याचा पोशाख दोन्ही मागून आणले होते आणि त्यातला पोशाख आदल्या वर्षीची 'फेमिना' विजेती पर्सिस खंबाटा हिचा होता, असे सांगितले जाते. मुकुट मिळाल्यावर वर्षभराने ती पुन्हा वैद्यकाच्या अभ्यासाकडे वळली आणि डॉक्टर म्हणूनच जगली. या भागात तासभर रमले, हे मान्य करते. सेवाग्रामच्या वसतिगृहातून आलेल्या रद्दीत कोणा विद्यार्थिनीने या विषयाचा अंक जपून ठेवला असेल का, असा विचार मनात येऊन गेला. तसा अंक मात्र सापडला नाही.

आता दुकानाच्या सर्वांत मोठ्या दोषाकडे येते. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील अंकांत हवी असलेली छायाचित्रे बहुधा कापून नेलेली असतात. 1970 मध्ये 'मिस एशिया पॅसिफिक' झालेली झीनत अमान असो किंवा 1984 ची 'मिस इंडिया' जुही चावला असो, जेथे त्यांचा चेहरा असायला हवा तेथे कात्रीने नीट कापलेला चौकोन दिसतो. चौकोनातून मागच्या पानावरच्या लोणच्याच्या कृतीतला मोहरीचा अर्धा मजकूर गायब झालेला असतो. हा दोष एकट्या दुकानदाराचा नाही. या परिसरातील केशकर्तनालये, ब्युटी पार्लर आणि शिंप्यांची दुकाने यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे जी चित्रे चिकटलेली असतात, ती येथूनच जातात. ब्लाऊजच्या गळ्याचा नमुना म्हणून तर अख्खे पान फाडलेले असते. एका शिंप्याने खडूने आखलेली मापे एका अंकाच्या समासावर अजून तशीच आहेत: छाती 36, बाही 5. दुकानदारांना याविषयी विचारले तर ते निवांतपणे म्हणाले, "फोटू घेतला का पैसे देते जी, अंक कोन वाचते?" तरीही कापलेला अंक पूर्ण दराने विकणे योग्य नाही. घेण्यापूर्वी प्रत्येक पान उलटून पाहावे.

मजकूर मात्र कोणी कापत नाही आणि आमच्या प्रकल्पाचा सगळा रस शेवटी मजकुरातच निघाला. नव्वदच्या दशकातील अंक चांगल्या स्थितीत आणि भरपूर आहेत. त्यातून भाचीने 1992 आणि 1994 ही दोन वर्षे निवडली, आणि माझ्या मते ती निवड अचूक होती.

1992 ची 'फेमिना मिस इंडिया' मधु सप्रे. मराठी घरातली, खेळाडू म्हणून वाढलेली मुलगी. बँकॉकच्या 'मिस युनिव्हर्स'मध्ये ती शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचली. देशाच्या प्रमुखपदी असतीस तर पहिल्यांदा काय केले असतेस, अशा आशयाच्या प्रश्नाला तिने क्रीडा संकुल बांधेन, असे उत्तर दिले. गरिबी आणि भूक हे शब्द उत्तरात नव्हते. नामिबियाची मिशेल मॅक्लीन जिंकली, मधु तिसरी आली आणि त्या उत्तराने मुकुट घालवला असे आजही म्हटले जाते. मुंबईच्या दिवाणखान्यात हे उत्तर उथळ वाटले असेल. आमच्याकडे ते तसे वाटत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या गावच्या मुली पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेने धावतात, कारण धावायला मैदान नाही. पाठीमागून भाऊ मोटारसायकलचा दिवा लावून चालतो, जेणेकरून ट्रकवाल्याला त्या दिसाव्यात. 1600 मीटर किंवा 800 मीटरचे अंतर मोजायला मैलाचा दगड ते ग्रामपंचायतीची पाणपोई असा हिशेब आहे. त्यांच्यापैकी कोणालाही बँकॉकच्या मंचावर तो प्रश्न विचारला असता, तर मैदान हेच उत्तर आले असते.

1994 चे वर्ष याच्या नेमके उलट बाजूचे आहे. गोव्यात झालेल्या 'फेमिना मिस इंडिया'च्या अंतिम फेरीत सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचे गुण सारखे झाले आणि बरोबरी फोडण्यासाठी दोघींना एकेक प्रश्न विचारण्यात आला. ऐश्वर्याला आलेला प्रश्न परदेशी दूरचित्रवाणी मालिकांतील दोन नायकांपैकी कोणते गुण पतीत हवेत, असा होता. केबल टीव्ही नुकता घरोघरी आलेला तो काळ या एका प्रश्नात दिसतो. सुश्मिताला आपल्या देशाच्या वस्त्रपरंपरेविषयी विचारले गेले: ती किती जुनी आहे, आणि तुला स्वतःला काय नेसायला आवडेल. तिने ही परंपरा महात्मा गांधींच्या खादीपासून सुरू झाल्याचे सांगितले. ती जिंकली आणि 21 मे 1994 रोजी मनिलात 'मिस युनिव्हर्स'ही झाली. ऐश्वर्या त्याच वर्षी नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत 'मिस वर्ल्ड' झाली.

वर्धा जिल्ह्यात बसून हे उत्तर वाचताना एकाच वेळी कौतुक आणि चिडचिड होते. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले आणि आमच्या आजीच्या पिढीने चरखा हातात घेतला, म्हणून कौतुक. परंतु कापसाचा इतिहास खादीपासून सुरू होतो, हे कापूस पिकवणाऱ्या भागातले शाळेतले पोरही मान्य करणार नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुती कापडाचा तुकडा मिळाला आहे, हे आम्ही शाळेत शिकवतो. वऱ्हाडचा कापूस इंग्रजांच्या गिरण्यांना जात होता तेव्हा गांधीजी लहान होते. आणि ज्या दुकानात हे अंक मिळाले, त्याच गावात बंद पडलेली कापूस गिरणी आहे. खरे उत्तर देणारी मधु मागे राहिली आणि इतिहासात न बसणारे उत्तर देणारी सुश्मिता पुढे गेली, हे दोन अंक शेजारी ठेवल्यावर आम्हाला लख्ख दिसले. सुश्मितावर माझा राग नाही. अवघ्या अठरा वर्षांच्या वयात, दिव्यांच्या झोतात, काही क्षणांत द्यायचे ते उत्तर होते आणि तिने ते आत्मविश्वासाने दिले. प्रश्न विचारणाऱ्यांना तेवढेच हवे होते.

'मिस इंडिया'च्या अंतिम फेरीतील आपल्या पोशाखाची हकिगत तिने पुढे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितली आहे. दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून कापड आणले, परकर शिवणाऱ्या शिंप्याकडून तो झगा शिवून घेतला आणि हातमोजे काळ्या पायमोज्यांपासून तयार केले. आमच्या शिंप्याच्या खडूच्या मापांचा तो अंक मी याच हकिगतीसाठी विकत घेतला. त्यात ही हकिगत नाही, तरीही घेतला.

यापुढचा भाग दुकानात भरपूर असला तरी आम्हाला त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. 1996 मध्ये बंगळूरला 'मिस वर्ल्ड' भरली तेव्हा मोठा विरोध झाला आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला न्यावी लागली. 1997 मध्ये डायना हेडन आणि 1999 मध्ये युक्ता मुखी 'मिस वर्ल्ड' झाल्या. 2000 साली लारा दत्ता, प्रियांका चोप्रा आणि दिया मिर्झा यांनी एकाच वर्षी तीन आंतरराष्ट्रीय मुकुट आणले. या वर्षांचे अंक जाड आहेत, पण निम्मी पाने गोरेपणाच्या क्रीमच्या आणि शाम्पूच्या जाहिरातींनी व्यापलेली आहेत, त्यामुळे वजनाने घेताना तुम्ही जाहिरातींचेही पैसे मोजता. आमच्या गावात पहिले ब्युटी पार्लर याच सुमारास निघाले. त्याची काचेवरची चित्रे कोणाची होती, हे सांगायची गरज नाही.

2010 नंतरचे या दुकानात जवळजवळ काही नाही. मासिके घरात येणेच बंद झाले, मग रद्दीत कोठून येणार? 'मिस युनिव्हर्स'ला जाणारी भारतीय स्पर्धक 'फेमिना मिस इंडिया'तून न जाता 2013 ते 2023 या काळात 'मिस दिवा' या वेगळ्या स्पर्धेतून निवडली जात होती. म्हणूनच 2021 ची 'मिस युनिव्हर्स' हरनाज संधू 'फेमिना मिस इंडिया'ची विजेती नव्हे. दोन नियतकालिकांचा जुना घोळ नव्या रूपात परत आला, असे भाचीने प्रकल्पात लिहिले आहे आणि ते वाक्य पूर्णपणे तिचे आहे. 2017 पासून 'फेमिना'ने प्रत्येक राज्यातून एक स्पर्धक घेण्याची पद्धत सुरू केली आणि त्याच वर्षीची विजेती, हरियाणाची वैद्यकीय विद्यार्थिनी मानुषी छिल्लर, 'मिस वर्ल्ड' झाली. 2020 च्या स्पर्धेत उपविजेती ठरलेली मान्या सिंग ही रिक्षाचालकाची मुलगी होती, ही बातमी मात्र दुकानातल्या वर्तमानपत्रांच्या भिंतीत मिळाली, तीही हिंदी पुरवणीत आणि भज्यांच्या तेलाच्या डागासह.

दराविषयी सांगायचे तर धड अंक दहा रुपये, मुखपृष्ठ नसलेला पाच, आणि गठ्ठा घेतल्यास किलोवर भाव होतो. चित्रपटविषयक अंक महाग आहेत. फोनपे चालतो. वजनाविषयी माझी तक्रार नाही, पण ओल्या सुतळीसह गठ्ठा तोलला जातो, तेव्हा सुतळी सोडून तोलायला सांगावे. ते लगेच मान्य करतात. एका गठ्ठ्याला कसर लागलेली निघाली आणि घरी आणल्यावर दोन पुस्तकांना ती लागली. परत नेल्यावर दुकानदारांनी वाद न घालता गठ्ठा बदलून दिला, पण एसटीचे भाडे आमचेच गेले. नवीन आणलेले अंक दोन दिवस कडक उन्हात पसरून ठेवावेत आणि मगच घरात घ्यावेत. बसायला जागा नाही, पाणी नाही. सोबत पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा हवाच.

भाचीला प्रकल्पात चांगले गुण मिळाले. तोंडी परीक्षेत तिला पहिली 'मिस इंडिया' कोण, असेच विचारले गेले आणि कोणाच्या स्पर्धेतली, असा उलट प्रश्न तिने केला. परीक्षक क्षणभर थांबले म्हणे. चौथ्या फेरीत दुकानदारांनी 'ईव्ह्ज वीकली'चा एक न उघडलेला गठ्ठा दाखवला, साठच्या दशकातला, वसाहतीतील एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून आलेला. त्यांनी तो सुतळी न सोडता आमच्या नावाने वेगळा ठेवला आहे आणि शेतातली वेचणी आटोपल्यावर आम्ही तो घ्यायला जाणार आहोत.